नॉर्वेचा नट आधी कानानं ओळखावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'द वर्स्ट पर्सन इन द वर्ल्ड' हा नॉर्वेचा चित्रपट पाहिला, त्यातली रेनाते रायन्स्वे आवडली, ती मुळात नाटकातली असं कळलं. तर नॉर्वेत नाटक आणि सिनेमा यांचं नातं नेमकं कसं आहे, आणि लिव्ह उलमान सोडून तिथल्या कुणाकुणाला पाहावं?

मी नाटकं बसवतो आणि नटांना वाचिक अभिनय शिकवतो. इब्सेन विद्यार्थ्यांकडून अनेकदा करून घेतला आहे, ऑस्लोच्या नाट्यगृहांत भाषा कळत नसताना आणि पुढं थोडी कळायला लागल्यावरही बसलो आहे. त्यामुळे उत्तर माझ्या कानाच्या बाजूनं देतो. नॉर्वेच्या नटांविषयी लिहिणारे बहुतेकजण चेहऱ्याबद्दल लिहितात: ती स्तब्धता, ते निळे डोळे, तो क्लोजअप. माझ्या मते तिथल्या नटाची गोष्ट चेहऱ्यापासून सुरूच होत नाही. रंगमंचावर कुठल्या भाषेत बोलायचं, या भांडणातून तो घडला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत राजधानी क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, रंगमंचावर बोलायचं ते डॅनिश ढंगानं. नॉर्वे चारशे वर्षं डेन्मार्कच्या छत्राखाली होता. १८१४ मध्ये ते नातं तुटलं, पण नाटकातली 'शुद्ध वाणी' डॅनिशच राहिली आणि बडे नटही कोपनहेगनहूनच येत. नॉर्वेच्या माणसानं आपल्या उच्चारात गंभीर भूमिका करणं हे लोकांना हास्यास्पद वाटे. १८५० च्या जानेवारीत व्हायोलिनवादक उले बुल यानं बर्गन शहरात मुद्दाम नॉर्वेजियन नटांचं नाट्यगृह काढलं आणि पुढच्याच वर्षी तिथं एका तेवीस वर्षांच्या पोराला कामावर ठेवलं. तो हेन्रिक इब्सेन. म्हणजे इब्सेननं उमेदवारी केली ती धड न शिकलेल्या, आपल्याच बोलीला बिचकणाऱ्या नटांसोबत. सहा वर्षांत शंभराहून जास्त प्रयोग त्याच्या हाताखालून गेले. त्याची पुढची नाटकं वाचताना मला नेहमी वाटतं, संवाद लिहिण्याआधी या माणसानं तो नटाच्या तोंडात अडखळताना ऐकलेला आहे.

राजधानीत हे प्रकरण १८५६ मध्ये हातघाईवर आलं. आणखी एका डॅनिश नटाची नेमणूक झाली म्हणून तरुणांनी प्रेक्षागृहात शिट्ट्या वाजवून प्रयोग उधळला. पुढारी होता ब्यर्नस्त्यर्ने ब्यर्नसन, पुढं नॉर्वेचं राष्ट्रगीत लिहिणारा आणि १९०३ चं साहित्याचं नोबेल मिळवणारा.

या ब्यर्नसनचा आपल्याशी थेट संबंध आहे. १९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेनं 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणलं आणि मराठी नाटकाचा मोहरा बदलला, असं आपण शिकत आलो. श्री. वि. वर्तकांचं ते नाटक ब्यर्नसनच्या १८८३ सालच्या एका नाटकावर बेतलेलं होतं. मूळ नाटकाचं नाव हातमोजा. लग्नाआधी मुलीकडून जे पावित्र्य मागता तेच मुलाकडून का मागत नाही, एवढाच प्रश्न, आणि नायिका हातमोजा वाग्दत्त वराच्या तोंडावर फेकते. मराठीत त्यात ज्योत्स्ना भोळे होत्या. बायकांच्या भूमिका बायकांनीच करायच्या, यासाठी हा प्रयोग आपल्याकडे लक्षात राहिला. 'कुलवधू' १९४२ चं; त्यातही ज्योत्स्नाबाईच, आणि त्याच्यामागं इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस' नाटकातल्या नोराची, घर सोडून जाणाऱ्या नायिकेची, सावली आहे हे समीक्षक सांगत आले आहेत. म्हणजे नॉर्वेच्या नाटकांतल्या बायका मराठीत पहिल्यांदा बोलल्या त्या एका गाणाऱ्या नटीच्या गळ्यातून. हे ऑस्लोतल्या लोकांना सांगितलं की ते चकित होतात.

पुन्हा नॉर्वेत जाऊ. 'अ डॉल्स हाउस' १८७९ च्या डिसेंबरात छापून आलं आणि त्याच महिन्यात कोपनहेगनला त्याचा पहिला प्रयोग झाला, डॅनिश नटांचा. महिन्याभरात, जानेवारी १८८० मध्ये, क्रिस्तियानियात नोरा उभी केली योहान्ने युएलनं. दोनच वर्षांनी ती वारली. तिची मुलगी योहान्ने डीब्वाद पुढं आईचीच नोरा झाली आणि तिथल्या रंगभूमीची निर्विवाद सम्राज्ञीही. ऑस्लोचं राष्ट्रीय नाट्यगृह, नाशुनालतेआत्रे, १ सप्टेंबर १८९९ ला उघडलं. डीब्वाद तिथं दशकानुदशकं उभी राहिली आणि बाईनं दिग्दर्शन करणं दुर्मीळ होतं त्या काळात दिग्दर्शनही करत होती. आज त्या नाट्यगृहाचा टपाली पत्ताच 'योहान्ने डीब्वाद चौक, क्रमांक १' असा आहे. दारात इब्सेन आणि ब्यर्नसन यांचे पुतळे आहेत, पण पत्ता नटीच्या नावाचा. मला हे फार आवडतं.

त्या नाट्यगृहाचा पहिला प्रमुख ब्यर्न ब्यर्नसन, नाटककाराचा मुलगा आणि स्वतः नट. त्याच्या बहिणीचं लग्न इब्सेनच्या मुलाशी झालं, त्यांचा मुलगा तांक्रेड इब्सेन. दोन्ही आजोबा राष्ट्रीय नाटककार! एवढं ओझं खांद्यावर असलेला माणूस नाटकात गेला नाही, सिनेमात गेला, हे शहाणपणाचंच केलं म्हणायचं. नॉर्वेचा पहिला बोलपट १९३१ साली त्यानंच केला. त्याची बायको लिलेबिल मात्र रंगभूमीवरची मोठी नर्तकी आणि नटी.

भाषेचं भांडण डॅनिश गेल्यावरही मिटलं नाही, ते घरात शिरलं. नॉर्वेजियन लिहायच्या दोन अधिकृत रीती आहेत: डॅनिशमधून उतरलेली बोकमोल आणि खेड्यापाड्यांतल्या बोलींवरून बांधलेली नीनॉर्स्क. राष्ट्रीय नाट्यगृहात राजधानीची सुसंस्कृत बोकमोल. मग नीनॉर्स्कवाल्यांनी, हुल्डा गारबॉर्ग यांच्या पुढाकारानं, १९१२ मध्ये आपलं वेगळं नाट्यगृह काढलं, डेट नॉर्स्के तेआत्रे. १९१३ मध्ये राजधानीत त्यांचे प्रयोग सुरू झाले तेव्हा शहरी पोरांनी आत शिट्ट्या आणि बाहेर मारामारी केली. खेडवळ बोली रंगमंचावर? तीही गंभीर नाटकात? मालवणी किंवा वऱ्हाडी फक्त हसवायला वापरायची असते असं मानणारे आपल्याकडेही होते आणि आहेत, त्यांना हा राग लगेच कळेल.

आजही ऑस्लोत ही दोन नाट्यगृहं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि इब्सेन दुसऱ्यात नीनॉर्स्कमध्ये होतो. आपल्याच देशात, आपल्याच नाटककाराचा अनुवाद! १९४८ चा 'पेर ग्युंट' त्यातला गाजलेला. दिग्दर्शक हान्स याकोब निल्सेन यांनी भाषा बदललीच, शिवाय संगीतकार एडवर्ड ग्रीगचं लाडकं संगीत बाजूला ठेवून हाराल्ड सेवेरुडकडून खडबडीत नवं संगीत करून घेतलं. लोक चिडले. आता तो प्रयोग मैलाचा दगड मानतात. यून फोसे, २०२३ चे नोबेलविजेते, नीनॉर्स्कमध्येच लिहितात. त्यांचं पहिलं नाटक १९९४ मध्ये बर्गनला रंगमंचावर आलं. फोसेच्या नाटकातला विराम हा अर्थानं भरलेला 'पॉज' समजून खेचू नका, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो. पश्चिम किनाऱ्यावरचा माणूस पुढचं वाक्य सापडेपर्यंत थांबतो, तसं थांबा.

आता पडदा. नॉर्वेची लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास. पुणे जिल्ह्यात याहून जास्त माणसं राहतात. एवढ्या बाजारपेठेत केवळ सिनेमावर जगणारा नट फारसा उरत नाही. म्हणून 'नाटकातला की सिनेमातला' हा आपला प्रश्न तिथं जवळजवळ निरर्थक आहे. सरकारी अनुदानावरची नाट्यगृहं आहेत, तिथं कायम किंवा ठरावीक वर्षांच्या कराराची नोकरी असते, आणि उन्हाळ्यात किंवा रजा काढून सिनेमा. नटांची संघटना १८९८ ची, राष्ट्रीय नाट्यगृहापेक्षाही जुनी. मुक्तपणे काम करणाऱ्यांसाठी २०१२ पासून एक व्यवस्था आहे, ज्यात दोन कामांच्या मधल्या रिकाम्या काळात नट-नर्तकांना पगारी नोकर म्हणून धरलं जातं. आपल्या प्रायोगिकवाल्यांना हे सांगितलं की ते आधी हसतात, मग गप्प होतात.

ही अनुदानाची परंपरा फुकट चालून आलेली नाही. जर्मन ताब्याच्या काळात, मे १९४१ मध्ये, नाझी नियंत्रणाखालच्या रेडिओवर काम करायला नाही म्हणणाऱ्या नटांचे परवाने काढून घेतले गेले आणि नाट्यगृहांत संप झाला. ऑक्टोबर १९४२ मध्ये ट्रॉनहाइमच्या नाट्यगृहाचा प्रमुख, नट हेन्री ग्लेडिच, इब्सेनच्या 'वाइल्ड डक'च्या तालमीतून उचलला गेला आणि ६ तारखेला गोळ्या घालून मारला गेला. युद्ध संपल्यावर, १९४८ मध्ये, फिरत्या रंगभूमीसाठी खास संस्था उभी राहिली. एरवी बोटीशिवाय पोचता येत नाही अशा गावांत नाटक नेणं हे सरकारचं काम ठरलं. त्याला हीही पार्श्वभूमी आहे.

माणसं पाहायची तर आल्फ्रेड माउरस्टाडपासून सुरू करा. पश्चिमेकडच्या नूरफ्योर्डचा, हार्डांगर फिडल, म्हणजे तिथलं लोकसंगीतातलं व्हायोलिन, वाजवणारा. आधी नीनॉर्स्क नाट्यगृहात, मग राष्ट्रीय नाट्यगृहात, पेर ग्युंट म्हणून गाजलेला. तांक्रेड इब्सेननं त्याला 'फांट' (१९३७) आणि 'येस्ट बोर्डसेन' (१९३९) मध्ये घेतलं. दुसरा चित्रपट एका प्रसिद्ध चोराचा. त्यात माउरस्टाडचा आवाज ऐका. खेड्यातला माणूस शहरी साहेबापुढं बोलतो तेव्हा तो आवाज दबत नाही, उलट खेळायला लागतो. त्याचा मुलगा तूराल्व लंडनच्या राडा या नाट्यशाळेत शिकला, त्यानंही पेर केला, राष्ट्रीय नाट्यगृह चालवलं, हॉलिवुडच्या 'साँग ऑफ नॉर्वे' मध्ये ग्रीग साकारला. तो चित्रपट वाईट आहे, वेळ घालवू नका. २०२२ मध्ये, ९५ व्या वर्षी, तूराल्व गेला. बापलेकांत मला बाप जास्त भावतो.

वेंके फॉस (१९१७–२०११) ही आपल्याला परकी, तिथं घरातली. राष्ट्रीय नाट्यगृहाजवळ तिचा पुतळा तिच्या हयातीतच, २००७ मध्ये, उभा राहिला आणि अंत्यसंस्कार सरकारी खर्चानं झाले. ऑपरेटापासून इब्सेनपर्यंत सगळं केलेली. भारदस्त बोकमोल कशी असते हे ऐकायचं असेल तर तिच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

नॉर्वेचे लोक गंभीर, हे डोक्यातून काढायचं असेल तर 'ओल्सेनबांडेन' पाहा. मूळ डॅनिश मालिकेच्या या नॉर्वेजियन आवृत्त्या १९६९ पासून आल्या. आर्वे ओप्सालचा एगॉन तुरुंगातून सुटतो, अचूक योजना आखतो आणि शेवटी परत तुरुंगात जातो, दर वेळी. आउड शोनेमानची वाल्बोर्ग तर पूर्व ऑस्लोच्या कामगार वस्तीची अख्खी बोलीच पडद्यावर घेऊन येते. मंडळी मुळात नाटकवाले आणि रेव्ह्यूवाले. रेव्ह्यू म्हणजे गाणी-नकला-टोमण्यांचा खेळ, ज्याचं ऑस्लोतलं घर म्हणजे १९१२ चं शा नुआर. विनोदाचं टायमिंग तिथं शिकलेलं असतं आणि ते लपत नाही.

बाहेर गेलेल्यांच्या गोष्टीही शेवटी उच्चारापाशीच येतात. ग्रेता निसेन मूकपटांच्या काळात हॉलिवुडमध्ये नाव कमावत होती. 'हेल्स एंजल्स'चं बरंच काम तिच्यावर चित्रित झालं, मग बोलपट आला, चित्रपट बोलका करायचं ठरलं, तिचा नॉर्वेजियन उच्चार नायिकेला चालेना, आणि भूमिका जीन हार्लोला गेली. उलट सिग्रिड गुरी! 'फ्योर्डची मोहिनी' म्हणून निर्मात्यानं जिची जाहिरात केली ती जन्मली होती ब्रुकलिनमध्ये.

आणि लिव्ह उलमान. तुम्ही तिला वगळून विचारलंत, पण एका मुद्द्यासाठी आणतोच. जन्म टोकियोत, १९३८. वाढली ट्रॉनहाइमला. ऑस्लोच्या नाट्यशाळेनं तिला घेतलं नाही. १९५७ मध्ये स्टावांगरच्या नाट्यगृहात अ‍ॅन फ्रँक म्हणून ती उभी राहिली. मग १९६६ मध्ये दिग्दर्शक इंगमार बर्गमनचा 'पर्सोना', स्वीडिश चित्रपट. त्यात ती रंगमंचावर बोलता बोलता थांबलेल्या नटीची भूमिका करते, आणि ती नटी जवळपास सगळा चित्रपट गप्प असते. विचार करा, परक्या भाषेच्या चित्रपटात नॉर्वेच्या नटीचं जगप्रसिद्ध होणं हे न बोलण्यातून झालं! लोक तिथं चेहरा पाहतात. मी विद्यार्थ्यांना श्वास पाहायला लावतो. ती शब्द गिळते तेव्हा गळ्याची हालचाल बघा, बोलणाऱ्या नटीचंच ते मौन आहे. पुढं १९७५ मध्ये तिनं न्यूयॉर्कला इंग्रजीत नोरा केली. ऑस्करची दोन नामांकनं झाली, आणि २०२२ मध्ये सन्माननीय ऑस्कर मिळालं.

आजच्या पिढीची सोय वेगळी आहे. तिथं परदेशी चित्रपट डब करत नाहीत, मुलांचे सोडून. खाली अक्षरं येतात. म्हणून इंग्रजी कानावर लहानपणापासून असते. 'कोन-टिकी' (२०१२) मध्ये तर पोल स्वेर्रे हागेन आणि मंडळींनी प्रसंग दोनदा केले, एकदा नॉर्वेजियन, एकदा इंग्रजी, आणि दोन आवृत्त्या निघाल्या. दोन्ही मिळाल्या तर शेजारी ठेवून पाहा. तोच नट इंग्रजीत किंचित जास्त 'वीर' होतो. दोन भाषांत काम करणाऱ्या कुठल्याही मराठी-हिंदी नटाला हे अनुभवानं माहीत आहे. त्याच वर्षीच्या 'लिलीहॅमर' मालिकेत अमेरिकन गुंड इंग्रजीत बोलतो, गावकरी नॉर्वेजियनमध्ये, आणि कुणाचंच अडत नाही. क्रिस्तोफर हिव्यु, 'गेम ऑफ थ्रोन्स'चा लालदाढीवाला टॉर्मुंड, हाही नटाचाच मुलगा.

आंदेर्श दानिएल्सेन ली यांच्यावर वेगळा लेख व्हावा. आई नटी, स्वतः लहानपणी 'हेर्मान' (१९९०) मध्ये मुख्य भूमिकेत, मग वैद्यकीय शिक्षण, आणि आजही डॉक्टरी आणि अभिनय दोन्ही. 'ऑस्लो, ३१ ऑगस्ट' (२०११) मध्ये व्यसनमुक्ती केंद्रातून एका दिवसासाठी बाहेर आलेला तरुण त्यांनी केला आहे. कॅफेत बसून शेजारच्या टेबलांवरची बोलणी तो नुसता ऐकतो, असा एक प्रसंग आहे. ऐकणं हाच अभिनय. मी तो प्रसंग वर्गात किती वेळा लावला असेल, मोजदाद नाही.

त्याच चित्रपटात एक मुलगी क्षणभर येते, एखादं वाक्य बोलते आणि जाते. तीच तुमची रेनाते रायन्स्वे. ऑस्लोत शिकली, ट्रॉनहाइमच्या नाट्यगृहात वर्षानुवर्षं काम केलं, तेच ग्लेडिचचं नाट्यगृह. सिनेमात मनासारखं काही येईना म्हणून अभिनय सोडून सुतारकाम करावं असा विचार चालला होता, आणि तेव्हाच 'द वर्स्ट पर्सन'चा दिग्दर्शक योआकिम त्रिएरनं तिच्यासाठी लिहिलेली भूमिका समोर ठेवली, असं तिनं मुलाखतींत सांगितलं आहे. २०२१ मध्ये फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्री. पुढं तिनं 'आर्मांड' (२०२४) केला. त्याचा दिग्दर्शक हाल्फदान उलमान त्योंदेल हा लिव्ह उलमान आणि बर्गमन यांचा नातू. देश लहान असला की असं होतं.

'सेंटिमेंटल व्हॅल्यू' (२०२५, कानला ग्राँ प्री) पाहिला नसेल तर आता तोच पाहा. त्यात रायन्स्वे रंगभूमीवरची नटी आहे, नाव नोरा. नाव उगाच ठेवलेलं नाही. सुरुवातीलाच ती पडदा उघडायच्या वेळी घाबरून रंगमंचावर जायला तयार होत नाही आणि विंगेत सगळ्यांची तारांबळ उडते. नाटकात काम केलेल्या कुणालाही तो प्रसंग पाहताना घाम फुटेल. नंतर बाप आपल्या चित्रपटातली तिची भूमिका एका अमेरिकन तारकेला देतो. ती तारका हुशार आहे, मेहनती आहे, प्रामाणिक आहे, आणि तरीही ते शब्द तिच्या तोंडात बसत नाहीत. शिट्ट्यांचं ते १८५६ चं भांडण मला इथं, एका शांत खोलीत, पुन्हा ऐकू आलं.

राजधानीबाहेरचंही थोडं. ट्रुम्सोच्या होलोगालान नाट्यगृहानं १९७१ पासून उत्तरेची बोली अभिमानानं वापरली. काउतोकेइनोत सामी भाषेचं, म्हणजे उत्तरेकडच्या आदिवासी सामी लोकांच्या भाषेचं, नाट्यगृह आहे, १९८१ मध्ये सुरू झालेलं. सामीत बोललेला 'पाथफाइंडर' (१९८७) ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला, नायक मिक्केल गाउप. आणि जुलैच्या शेवटी कधी तिकडं गेलात तर स्टिक्लेस्टाडला १९५४ पासून चालू असलेला संत उलावचा उघड्यावरचा खेळ पाहा. मोठ्या भूमिकांत व्यावसायिक नट, बाकी गावातली शेकडो माणसं, वर पावसाचा भरवसा नाही. तिथं राजधानीचा नट आणि तिथल्या शेतकऱ्याची बोली एकाच संवादात भिडतात.

प्रयोगाआधी नटाला भेटलात तर 'त्वी त्वी' म्हणा, थुंकल्यासारखं. तो आभार मानणार नाही, रागावू नका. त्याला 'धन्यवाद' म्हटलं की प्रयोग पडतो, असं तिथले नट मानतात.